नऊ माळांचं फूल

"यशू, तू पाठवलेल्या एकशे वीस बिया मी मोजून पेरल्या. वर्ष होत आलं, तरी एकही उगवली नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. कुंडी मी अजून टाकलेली नाही, रोज सकाळी तिला पाणी घालते."

आईचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पाण्यापाशी अडले. रिकाम्या कुंडीला रोज पाणी! मला आधी रडू आलं, मग राग आला. राग कुणाचा म्हणाल, तर त्या बियांचा. दिसायला तर चांगल्या होत्या की मेल्या!

पत्राच्या तळाशी आणखी दोन ओळी होत्या. "रोपांसाठी मिळालेली दिव्याची काचपेटी वेधशाळा त्रिपुरी पौर्णिमेच्या गाडीनं परत पाठवणार आहे. काही उगवत नसताना दिवा कशाला जाळायचा, असं त्यांचं म्हणणं. त्याच गाडीनं नव्या बिया आल्या तर मात्र पेटी राहील."

थांबा, सगळं नीट सांगते. आबा म्हणतात, मी गोष्ट मधूनच सुरू करते आणि ऐकणाऱ्याला धापा टाकत मागून पळावं लागतं.

आम्ही चंद्रावर राहतो. आमच्या वस्तीचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे, त्यात चार आकडेसुद्धा आहेत. ते कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून सगळे चांदवाडी म्हणतात. एका मोठ्या पारदर्शक घुमटाखाली चाळीस घरं, एक शाळा, एक सभागृह आणि मधोमध बाग. आमच्याकडे पृथ्वी उगवत नाही आणि मावळतही नाही. पाण्याच्या टाकीच्या वर, कायम एकाच जागी टांगलेली असते. निळी, शांत, कलेकलेनं वाढत नि घटत. मी लहान असताना मला वाटायचं, ती टाकीचाच दिवा आहे.

माझी आई मात्र चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहे. चंद्र पृथ्वीला सदैव एकच बाजू दाखवतो, त्यामुळे पलीकडून पृथ्वी कधीच दिसत नाही. आणि पृथ्वीवरच्या फोन-रेडिओंचा कलकलाटही तिथे पोचत नाही. म्हणून ताऱ्यांकडून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओलहरी (डोळ्यांना न दिसणारा एक प्रकारचा प्रकाश) टिपायची वेधशाळा तिथे बांधली आहे. आई तिथे तीन वर्षांसाठी गेली आहे. तिथे फोन वापरायला बंदी, कारण आपलाच आवाज ताऱ्यांच्या आवाजात मिसळेल. म्हणून आम्ही चक्क कागदावर पत्रं लिहितो, आणि दोन-दोन महिन्यांनी जाणारी टपालगाडी ती नेते-आणते.

जाताना आई म्हणाली होती, "तिथे निळं काहीच नसेल गं. तू मला आपला ॲस्टर पाठव." रोप पाठवता येत नाही, कारण ओल्या मातीबरोबर कीड जाईल म्हणून ती नेऊ देत नाहीत. कोरड्या बिया चालतात. आणि आमचा ॲस्टर वर्षातून एकदाच, शरदात फुलतो. म्हणजे यंदा चुकलं, की आईची काचपेटी गेलीच.

मी पत्र घेऊन आबांकडे गेले. आबा म्हणजे आईचे वडील. इथे येण्याआधी त्यांनी सासवडजवळ चाळीस वर्षं ॲस्टरच्या शेतात काढली. फुलांच्या नव्या जाती तयार करायचं शास्त्र हे त्यांचं काम. आता ते चांदवाडीची बाग सांभाळतात. श्रावणापासून ते बागेचे दिवे रोज थोडे लवकर मालवतात. रात्र लांबू लागली, की ॲस्टरला शरदाची चाहूल लागते आणि कळ्या येतात.

आबांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, आणि खणातून मागच्या वर्षीच्या उरलेल्या बिया काढल्या. काचेवर पसरून त्यांनी खालून दिवा लावला.

"काय दिसतं?"

"बियांमधून उजेड आरपार येतोय."

"म्हणजे आत काही नाही. पोचट आहेत सगळ्या. वरचं टरफल तयार झालं, आत जीवच धरला नाही."

"पण मी पराग लावला होता, आबा! कुंचल्यानं! तुम्हीच शिकवलंत." पराग म्हणजे फुलातली ती पिवळी भुकटी, ती योग्य ठिकाणी पोचली तरच बी धरते. पृथ्वीवर हे काम मधमाश्या करतात. चांदवाडीत मधमाश्या नाहीत आणि वाराही नाही, म्हणून रंगाचा मऊ कुंचला.

"चल, फुलालाच विचारू," आबा म्हणाले.

बागेत आमच्या कुंडीतला पहिला ॲस्टर त्याच सकाळी उमलू लागला होता. फिकट जांभळ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळी टिकली. आबांनी माझ्या हातात भिंग दिलं.

"किती फुलं आहेत?"

"एक." मला वाटलं, आबांचं वय झालं.

"पुन्हा बघ."

मी डोळा भिंगाला लावला आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. मधली पिवळी टिकली टिकली नव्हतीच. ती म्हणजे दाटीवाटीनं बसलेल्या इवल्या इवल्या कळ्या होत्या. काठावरच्या दोन-तीन नुकत्या उघडत होत्या, आणि उघडलेल्या प्रत्येकीला पाच टोकं होती. पाच टोकांच्या पिवळ्या चांदण्या! आणि ज्यांना मी पाकळ्या समजत होते, त्या प्रत्येक जांभळ्या पट्टीच्या बुडाशीही एक दुभंगलेला बारीक तंतू होता.

"हे फूल नाही, यशू. हे गाव आहे," आबा हळूच म्हणाले. "शास्त्रात ह्याला स्तबक म्हणतात (एकाच बैठकीवर बसलेला पुष्कळ बारीक फुलांचा मेळा). वेशीवर उभी आहेत ती किरणपुष्पकं (लांब जांभळी पट्टी असलेली बाहेरची फुलं). त्यांचं काम पाहुण्यांना हाका मारायचं. आणि गावात राहतात ती बिंबपुष्पकं (मधली नळीसारखी पिवळी फुलं). पराग त्यांच्याकडे असतो. ह्यातल्या प्रत्येकाला एकेकच बी धरते."

"म्हणजे शेवंतीचंही असंच?"

"शेवंती, झेंडू, सूर्यफूल, करडई, आपल्या सह्याद्रीतली सोनकी, सगळं एकच कुळ. तुम्ही दसऱ्याला एक झेंडू तोडलात असं समजता, तेव्हा गाव उचलून आणलेलं असतं."

मी बराच वेळ भिंगातून डोळा काढला नाही. त्या पिवळ्या गावात आपण चालत चाललोय, दोन्ही बाजूंना चांदण्यांची घरं आहेत, काहींची दारं उघडी, काहींची अजून बंद, असं वाटत होतं. तितक्यात ती बंद दारं माझ्या लक्षात आली.

"आबा, मधल्या कळ्या मिटलेल्या का आहेत?"

"कारण गाव एका दिवसात जागं होत नाही. आधी वेशीवरचे उठतात, मग काठाचं कडं, दुसऱ्या दिवशी त्याच्या आतलं, तिसऱ्या दिवशी आणखी आतलं. आपल्या गार हवेत मध्यापर्यंत पोचायला आठ-नऊ दिवस लागतात. आता खरं सांग. मागच्या वर्षी कुंचला किती दिवस फिरवलास?"

मी भिंग पुसू लागले.

"यशोदाबाई?"

"एक दिवस," मी म्हटलं. "मला वाटलं, फूल फुललं म्हणजे फुललं."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!" आबा हसले. "परवा घटस्थापना आहे. घटावर आपण रोज एक माळ चढवतो ना? पहिली माळ, दुसरी माळ. ह्या फुलाचंही तसंच समज. रोज एक कडं, रोज एक माळ. नऊही माळा केल्यास तर पूजा पुरी."

मला इतका आनंद झाला की मी उडीच मारली. (चंद्रावर उडी जपून मारावी. मी दुधी भोपळ्याच्या मांडवाला धडकले.) कोडं सुटलं होतं! पण घरी आल्यावर आबा पुन्हा त्या काचेवरच्या बियांकडे बघत बसले.

"काय झालं?"

"एक दिवस का होईना, तू कुंचला फिरवला होतास. मग काठाच्या कड्यातल्या चार बिया तरी भरायला हव्या होत्या. त्याही पोचट कशा?" त्यांनी एक बी चिमटीत धरून पाहिली. "मला कळत नाही गं."

आबांच्या तोंडून "मला कळत नाही" मी पहिल्यांदाच ऐकलं. ते ऐकून मला जरा भीतीच वाटली.

घटस्थापनेच्या दिवशी सभागृहात सगळी चांदवाडी जमली. चंद्राची धूळ आणि बागेतलं खत कालवून केलेल्या मातीत गहू पेरले, मध्ये कलश ठेवला. पहिली माळ ॲस्टरची. ॲस्टर असलेल्या बारा घरांनी आपापल्या कुंडीतली दोन-दोन फुलं आणली होती आणि सगळी अगदी एकाच फिकट जांभळ्या रंगाची होती. जांभळा, जांभळा, जांभळा. मी सुईत फूल ओवता ओवता थबकले.

"काळेकाकू, तुम्हाला ॲस्टर कुणी दिला?"

"तुझ्या आईनंच की. शेवंतीसारखा फुटवा काढून दिला होता." फुटवा म्हणजे मूळ झाडाच्या बुडातून वर येणारा कोंब, मुळासकट काढून दुसरीकडे लावला की लागतो.

"आणि सातपुतेकाका, तुम्हाला?"

"काळ्यांनी दिला. आणि मी शिंद्यांना दिला."

मी बाराही घरं विचारली. बारा कुंड्या, आणि सगळ्या फुटव्यांचं मूळ आमची एकच कुंडी! आपल्याकडची रीतच तशी आहे, चांगलं फूलझाड दिसलं की शेजारीण म्हणते, एक फुटवा द्या हो. कुणीही बी पेरत बसत नाही. मी लांब लांब उड्या घेत आबांकडे गेले.

"आबा! मागच्या वर्षी मी ह्या कुंडीतला पराग त्या कुंडीत लावला होता. पण कुंड्या बारा असल्या तरी झाड एकच आहे! त्यानं काही बिघडतं का?"

आबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! आणि मी म्हणे शास्त्रज्ञ! यशू, मी आयुष्यभर जो ॲस्टर वाढवला तो हारातला, चिनी ॲस्टर. एका हंगामाचं झाड, फूल मोठं, जांभळं, गुलाबी, पांढरं, हवं तसं. तो स्वतःच्याच परागावर बी धरतो, कुरकुर करत नाही. आपला हा बारमाही ॲस्टर त्याचा नात्यातला खरा, पण स्वभावानं अगदी वेगळा. हा स्ववंध्य आहे (स्वतःच्या परागावर बी न धरणारा). फुटवा म्हणजे लेक नव्हे, तो त्याच झाडाचा लांबवलेला हात. तू उजव्या हाताचा पराग डाव्या हाताला लावलास."

"पण झाडाला कळतं कसं, पराग कुणाचा ते?"

"प्रत्येक परागकणावर त्याच्या घराची खूण असते. कुक्षी (पराग स्वीकारणारं फुलाचं टोक) ती ओळखते. आपल्याच घरचा असेल तर दार उघडत नाही. एका भावकीत सोयरीक होत नाही, तसंच. बाहेरचं नवं रक्त आलं, तर लेकरं धट्टीकट्टी निघतात."

"मग आता सोयरीक कुठे बघायची?"

आम्हा दोघांनाही माहीत होतं, चांदवाडीत आणखी एकच ॲस्टर आहे. पांढरा, आणि इलोनाबाईंचा.

इलोनाबाई हंगेरीच्या. आमच्या घुमटातली हवा शुद्ध करणारी यंत्रं त्या सांभाळतात. उंच, कमी बोलणाऱ्या, मराठी तोडकीमोडकी. त्यांच्या खिडकीत पांढऱ्या ॲस्टरची कुंडी असते आणि तिला त्या कुणाला हात लावू देत नाहीत. काळेकाकूंनी एकदा फुटवा मागितला, तर "नाही" एवढंच म्हणून दार लावून घेतलं होतं.

"उद्या जाऊन नीट विचारू," आबा म्हणाले. पण उद्यापर्यंत थांबेल ती यशोदा कसली! दुपारी इलोनाबाई कामावर होत्या. चांदवाडीत कुणाच्याच दाराला कुलूप नसतं. संकट आलं तर कुणालाही कुठेही शिरता यावं, असा नियम आहे. मी शिरले. कुंडीत आठ फुलं होती, सगळी त्याच दिवशी उमललेली. त्यांतलं सगळ्यांत मोठं मी तोडलं आणि खिशात घातलं.

बागेत येऊन मी ते आमच्या फुलांवर चोळलं. आबांनी विचारलं, "इतक्यात? हो म्हणाल्या त्या?" मी म्हटलं, "हो." आबांशी मी त्याआधी कधी खोटं बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फुलांत आतलं कडं उघडलं होतं. दुसरी माळ. मी खिशातलं पांढरं फूल काढलं. ते सुकून चोळामोळा झालं होतं. भिंगातून पाहिलं, तर काठाची एक ओळ तेवढी उघडलेली आणि आतल्या सगळ्या कळ्या मिटल्या मिटल्याच वाळलेल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला वाटलं होतं, मी एक फूल तोडलं. मी गाव उचलून आणलं होतं. आजची माळ, उद्याची, परवाची, आठच्या आठ माळा मी खिशात कोंडून मारल्या होत्या. आईसाठी हव्या होत्या त्याच.

मी आबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? ज्यांचं फूल त्यांना सांग. आणि हो, भिंग घेऊन जा."

इलोनाबाईंनी दार उघडलं. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं, त्यांनी फुलं मोजली आहेत.

"आठ होते," त्या म्हणाल्या.

"मी तोडलं. मी चोरलं. मला पराग हवा होता. माझी आई पलीकडे आहे, ती रिकाम्या कुंडीला पाणी घालते, आणि मला..." मी नुसतं ते वाळकं फूल आणि भिंग पुढे केलं.

त्यांनी भिंग घेतलं. आधी वाळकं फूल पाहिलं, मग खिडकीपाशी जाऊन कुंडीतलं जिवंत फूल. बराच वेळ त्या वाकून उभ्या होत्या. खिडकीतून पृथ्वीचा निळा उजेड त्यांच्या पांढऱ्या फुलांवर पडला होता.

"सगळे तारे," त्या म्हणाल्या. "आत सगळे छोटे तारे."

"माझी आई म्हणते, ॲस्टर हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थच तारा. आबा म्हणतात, कुठे कुठे हे फूल म्हणजे सबुरी, धीर, असं मानतात." मी नाक ओढलं. "तो माझ्याकडे नाही."

इलोनाबाई खुर्चीवर बसल्या. "आमच्या भाषेत नाव आहे, शरदाचा गुलाब. माझा भाऊ लावायचा, अंगणात. तो गेला. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी आम्ही गेलेल्या माणसाजवळ हे फूल ठेवतो. त्याचं थडगं तिकडे." त्यांनी टाकीवरच्या पृथ्वीकडे बोट केलं. "मी इकडे. म्हणून फुलं तोडते, ह्या खिडकीत ठेवते. आठवण. माझ्यासाठी ॲस्टर म्हणजे आठवण."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. मी हळूच म्हणाले, "मी फूल मागत नाही. आता कधीच नाही. फक्त पिवळी धूळ. कुंचल्याला लागेल एवढी. फूल तसंच राहतं."

त्या उठल्या, घड्याळाकडे बघितलं. "उद्यापासून रोज पाच वाजता. पाच म्हणजे पाच. आणि तोडायचं नाही."

घरी आल्यावर आबा म्हणाले, "शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, माहीत आहे ना? मग कुंचलाही रिकामा नेऊ नकोस." म्हणून मी रोज इथून जांभळा पराग न्यायचे, तो इलोनाबाईंच्या पांढऱ्या फुलांना लावायचे, दुसऱ्या कुंचल्यानं त्यांचा पराग घ्यायचे आणि तो बाराही कुंड्यांतल्या फुलांना लावत फिरायचे.

त्या दिवसांत मी किती हळू चालायचे! पराग सांडू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यायचे. पाचच्या सुमाराला आबा बागेचे दिवे मंद करत. घुमटापलीकडे काळंभोर आकाश, मध्ये निळी पृथ्वी, आणि खाली बारा कुंड्यांत जांभळी गावं जागी होत असायची. सभागृहात कुणीतरी विचारायचं, "आज कितवी माळ?" आणि मला माझ्याच फुलांची माळ आठवायची. चौथ्या माळेला मला दिसलं, पहिल्या कड्यातल्या पिवळ्या चांदण्या लाल होऊ लागल्या आहेत. पाचव्या माळेला दुसरं कडं. हळदीचं कुंकू होत होतं, काठाकडून आत. आबा म्हणाले, "पराग पोचला की पुष्कळ ॲस्टर असा रंग बदलतात. म्हणजे घरात पाहुणा येऊन गेला."

"पण दुसऱ्या माळेला माझ्याकडे पराग नव्हता, आबा. मग ते कडं कसं लाल झालं?"

"कुक्षी दोन-तीन दिवस दार उघडं ठेवून बसते. तू तिसऱ्या माळेला गेलीस ना? तेवढं पुरलं. फुलं आपल्यापेक्षा धीराची असतात."

नवव्या माळेला अगदी मधली चांदणी उघडली. मी कुंचला टेकवला आणि मग मला एकदम काही करायलाच उरलं नाही. आता नुसतं थांबायचं होतं, सव्वा महिना. हे सगळ्यांत कठीण. फूल उकलून आत डोकवावं असं रोज वाटायचं. एकदा मी हात पुढेसुद्धा केला होता, पण खिशातलं ते चोळामोळा गाव आठवलं आणि हात मागे घेतला.

नोव्हेंबरच्या एक तारखेला मी पाच वाजता इलोनाबाईंकडे गेले. खिडकीत छोटा दिवा लावलेला होता. शेजारी कुंडी, आणि कुंडीत सातही फुलं झाडावरच.

"तोडली नाहीत?"

"आत बी आहे," त्या म्हणाल्या. "भावाला थांबायला आवडायचं. बागेतले लोक तसे असतात."

त्रिपुरी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी फुलं वाळली आणि त्यांच्या जागी पांढऱ्या केसांचे झुबके आले. प्रत्येक बीला बारीक केसांची छत्री. पृथ्वीवर रुईची म्हातारी उडते तशी ही वाऱ्यावर उडून नवी जागा शोधते, आबांनी सांगितलं. आमच्याकडे वारा नाही. मी हलकी फुंकर मारली, तर एक म्हातारी सुटली आणि घुमटात तरंगत राहिली. चंद्रावर वजन कमी, त्यामुळे तिला खाली यायची घाईच नव्हती. आम्ही तिघं मान वर करून बघत होतो, आबा, मी आणि इलोनाबाई. शेवटी ती इलोनाबाईंच्या केसांत उतरली.

मग काच, आणि काचेखाली दिवा. बिया पसरल्या. काहींतून उजेड आरपार आला. पण बाकीच्या? बाकीच्यांच्या पोटात काळा, गच्च, भरलेला ठिपका होता!

"भरल्या!" मी ओरडले. "आबा, भरल्या!" आणि मी रडले, हसले, इलोनाबाईंच्या कमरेला मिठी मारली. त्या आधी काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी एकशे एकवीस बिया निवडल्या. एक मागच्या वर्षीपेक्षा जास्त. त्रिपुरीला टपालगाडी बियांची डबी घेऊन गेली, आणि मी पुन्हा थांबले. आता जरा जमायला लागलं होतं.

आईचं पत्र पौषात आलं.

"यशू, काचपेटी राहिली. मी बिया त्याच कुंडीत पेरल्या, जिला पाणी घालत होते. अकराव्या दिवशी पहिला कोंब आला, आणि आज एकोणचाळीस आहेत. मी सगळ्यांना बोलावून दाखवले. इथे खिडकीबाहेर पृथ्वी नाही हे तुला माहीत आहे. आता आम्ही सगळे जेवताना कुंडीकडे तोंड करून बसतो. ही रोपं तुझ्या जांभळ्याची आणि इलोनाबाईंच्या पांढऱ्याची, दोघांची लेकरं. कुठला रंग येईल, कुणालाच ठाऊक नाही. फुलांसाठी शरद यावा लागेल. ता. क. उरलेल्या ब्याऐंशी अजून उगवल्या नाहीत. पाणी घालतेच आहे."

पत्र मी इलोनाबाईंनाही वाचून दाखवलं. त्यांच्या खिडकीतही आता पांढऱ्या ॲस्टरशेजारी एक नवी कुंडी आहे, तिच्यात त्यांच्या बियांची चार रोपं. त्यांतलं एक काळेकाकूंना द्यायचं ठरलं आहे. आबा म्हणतात, पुढच्या घटस्थापनेला माळेत एखादा असा रंग असेल, जो पृथ्वीवरही कुणी पाहिलेला नसेल. किंवा नसेलही. मी विचारलं, "कधी कळेल?" आणि विचारता विचारता मलाच हसू आलं.

बरं, पाच वाजत आले, मला निघायला हवं. रोपांना पाणी घालायचं आहे, आणि इलोनाबाईंचं पाच म्हणजे पाच असतं.